नाव घेतल्याशिवाय मत नाही

चांगुणा धायगुडे हिनं माझी हेकडी एका दिवसात उतरवली. म्हणून तिची गोष्ट मीच सांगायला हवी.

मी शिरूरचा शाळामास्तर. सदुसष्टच्या निवडणुकीत माझी दौंडकडच्या खुटबावला मतदान केंद्रावर नेमणूक झाली. यादीतलं नवऱ्याचं नाव बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगावं, असा माझा खाक्या. धनगरवस्तीवरच्या चौदा बायका गप्प. मालकाचं नाव घ्यायचं कसं? मी सगळ्यांना परत पाठवलं. चांगुणा त्यातलीच. दारातून म्हणाली, "मास्तर, पुढच्या टायमाला बगू."

मग चार वर्षं ही बाई नुसती पेटलेली. खुरपणीला, काढणीला, पाण्यावर, चार बाया दिसल्या की हिची शाळा सुरू. "मत आपलं हाय, मालकाचं न्हाई." नाव नुसतं घेता येत नाही ना, मग उखाण्यात घ्या. लग्नात चालतं, ते मतदानाला का नाही? तिनं एकेकीला उखाणा जुळवून दिला आणि घोकून घेतला.

एकाहत्तरला माझ्या नशिबी पुन्हा खुटबावच. मी विचारलं, "नवऱ्याचं नाव?" अनसाबाई पदर सावरून म्हणाली,

"जुंधळ्याच्या कणसावर पाखरांचा थवा,
भैरूरावांचं नाव घेते, शिक्का मला द्यावा."

दारावरचा पोलीस हसला, रांग हसली, तिसऱ्या उखाण्याला मीही डोलायला लागलो. एकीनं तर दोन म्हटले, एखादा चुकला असला तर असावा म्हणून. अशा तेरा जणी झाल्या. नवऱ्याचं, मच्छिंद्रचं नाव घेताना चांगुणा स्वतःच लाजून लाल झाली.

चौदावी तिची सासू, ताईबाई. मी त्याच भरात नाव विचारलं आणि सगळं हसू थांबलं. म्हातारी विधवा. विधवा उखाणा घेत नाही, आणि हे चांगुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आत्याबाई, माझं चुकलं," ती रडवेली होऊन म्हणाली.

मला माझीच लाज वाटली. "राहू द्या, जा आत," म्हणणार, तेवढ्यात ताईबाईनं टेबलावर हात टेकला.

"म्हाळू," ती म्हणाली. उखाणा नाही, काही नाही. मग गालात हसली. "म्हाळू. मास्तर, पन्नास वर्सांत पयल्यांदा घेतलं बगा."

मी एकदाच विचारलं होतं. शिक्का मारून बाहेर पडेपर्यंत तिनं ते नाव आणखी चार वेळा घेतलं.