गव्हर्नरचं राहिलेलं व्याख्यान

मुकुंद गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा कोविडच्या साथीमुळे मेलबर्न बंद होतं. टार्निट या उपनगरात त्याचं घर माझ्यापासून दोन गल्ल्यांवर, तरी अंत्यविधी मी लॅपटॉपवर पाहिला. हृदयविकार, असं डॉक्टर म्हणाले. माझं मत वेगळं आहे.

मुकुंद मूळचा पुण्याचा, राहायला ऑस्ट्रेलियात आणि शिकवायचा अमेरिकेचा इतिहास. त्यातही जीव जडलेला तिथल्या एका सुरुवातीच्या गव्हर्नरवर. आम्ही आयटीवाले भरपूर टिंगल करायचो. तो हसायचा आणि सांगत राहायचा... चामडं कमावणाऱ्याचा हा मुलगा वकील झाला, स्वातंत्र्यासाठी लढला, नव्या राज्याचा गव्हर्नर झाला, त्यानं रस्ते बांधले, शाळा काढल्या. शेवटी त्याच्याच माणसांनी त्याला खाली खेचलं आणि ज्या सभागृहातून हाकललं, तिथेच त्याचं तैलचित्र टांगलं. "माणूस नको होता रे, चित्र हवं होतं," मुकुंद म्हणायचा.

साथ आली आणि विद्यापीठानं सगळी व्याख्यानं रेकॉर्ड करून मागितली. गॅरेजमध्ये, इस्त्रीचा निळा शर्ट घालून, मुकुंदनं ती केली. शेवटचं मात्र केलं नाही. गव्हर्नरची पडझड मुलांच्या डोळ्यांत बघूनच सांगायची, वर्ग उघडले की... असा त्याचा हट्ट. वर्ग उघडायच्या आतच त्याला झूमवर बोलावून नोकरी संपल्याचं सांगण्यात आलं. त्याचा माइक म्यूट होता. तो काही बोलतोय हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मास्क लावून फिरताना त्यानं हे मला सांगितलं, तेही हसत. तेव्हा मला त्याच्या हसण्याचा राग आला होता. पुढे विद्यापीठाच्या शोकसंदेशात 'आमच्या कुटुंबातला' असं वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

माझी मुलगी ईरा यंदा त्याच विद्यापीठात आहे. परवा तिच्या खोलीतून त्याचा आवाज आला आणि मी धावतच गेलो.

"इट्स मुकुंद अंकल्स लेक्चर, बाबा. दे स्टिल यूज देम."

पडद्यावर तोच निळा शर्ट. व्याख्यानात गव्हर्नर नुकताच पुन्हा निवडून आला होता. उरलेलं वर्गात, समोरासमोर, असं सांगून मुकुंदनं पाण्याचा पेला उचलला आणि रेकॉर्डिंग संपलं. परीक्षाही तिथपर्यंतचीच, ईरा म्हणाली.

"सो व्हॉट हॅपन्ड टु द गव्हर्नर?"

मी तिच्यासमोर बसलो आणि तिच्या डोळ्यांत बघत सांगायला लागलो. तैलचित्रापाशी आलो आणि माझी नजर पडद्याकडे गेली. पडद्यावर मुकुंद पेला हातात धरून थांबलेला होता.