आंब्याच्या सुक्या फांदीतला सुतार

किहीमला आमच्या घरामागे एक आंबा होता. त्याची एक जाड फांदी सुकून गेली होती. पत्नीची खाट मागच्या खिडकीशी हलवली, तेव्हापासून तिला दिवसभर ती फांदीच दिसे. ताप उतरत नव्हता. मुंबईहून रेवसच्या बोटीने मागवलेली औषधं लागू पडत नव्हती.

फाल्गुनात फांदीवर ठकठक सुरू झाली. अलिबागच्या वाचनालयातून पुस्तक आणून मी पक्षी ओळखला. मराठा सुतार. बुलबुलाएवढा, अंगावर काळे-पांढरे ठिपके, कपाळ पिवळं. नराच्या डोक्यावर मागे लाल डाग, मादीला तो नसतो. चाहूल लागली की फांदीच्या पलीकडे सरकतो. मग आपण हलायचं नाही, तो चढत चढत पुन्हा अलीकडे येतो. फांदीत ढोली कोरून दोघं आळीपाळीने अंडी उबवत होती.

मी शाळेत शिकवून घरी आलो की ती विचारी, "अहो, आत्ता आत कोण बसलंय?" तिला तो लाल डाग दिसेनासा झाला होता.

"नर."

"आणि ती?"

"बाजारात गेली असेल."

"भारीच आहे बाई. नवऱ्याला बसवलं घरी!" ती हसे, मग खोकला येई. "पिल्लं निघाली की सांगा हं. झोपले असले तरी उठवा."

ती गेली त्या सकाळी मादी आत होती.

आमच्याकडे माणूस गेलं की सरणाला परसातलाच आंबा तोडतात. शेजारी कुऱ्हाडी घेऊन आले. त्यांच्यातले वडीलधारे काका वर बघून म्हणाले, "ओला आंबा पेटायचा न्हाय. पयली ती सुकी फांदी काढा."

मी उठलो. "काका, त्या फांदीत..."

 घरात तिला जमिनीवर ठेवलं होतं, आणि मी अंड्यांचं बोलणार होतो.

"गुरुजी, तुमी बसा. आमी हाव ना." त्यांनी खांद्यावर हात ठेवला. मी बसलो.

फांदी पडली ती ढोलीपाशीच चिरली. पांढरी टरफलं, थोडा ओलावा. मादी खोडावर खाली-वर करत होती, तोडलेल्या जागेपाशी येऊन थांबत होती. नरही आला.

स्मशानात ते लाकूड उशाशी रचलं होतं. अर्धी ढोली माझ्याच बाजूला होती. हातात पेटती चूड दिली, मी ती टेकवली. काकांचं बरोबर होतं. फांदी लगेच पेटली.