टँगोतली माघार

घरांचे सौदे करून मी अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये नाव कमावलं. पुण्या-नागपूरहून आलेली जोडपी पूर्वेचं दार मागतात, विकणारा किमतीवर अडून बसतो आणि मधे मी उभी असते. या धंद्यात मी एकच नियम पाळला: आपण आधी पाऊल मागे घ्यायचं नाही.

म्हणून टँगोच्या पहिल्याच तासाला माझं डोकं फिरलं. बाईनं मागे चालायचं म्हणे!

टँगो ही आमची हौस नव्हती. नवऱ्याला पार्किन्सन्स झाला आहे. मोकळ्या जागेत हे बरे चालतात, पण दाराच्या चौकटीत आले की पाय जमिनीला चिकटतात. मागच्या हिवाळ्यात बाथरूमच्या दारात असेच अडकले. मला घाई होती, मी हात धरून ओढलं आणि हे तोंडावर पडले. भुवईला टाके घालावे लागले. पुन्हा पडले तर खुबा मोडेल, असं न्यूरॉलॉजिस्टनं बजावलं आणि हा क्लास सुचवला.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या. त्यांनी सांगितलं, हा नाच राजवाड्यात जन्मला नाही. ब्वेनोस आयरेसच्या बंदराजवळच्या वस्त्यांत, पोटासाठी परदेशातून आलेल्यांनी आणि तिथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी आपापले ताल एकमेकांत मिसळून तो घडवला. घरंदाज मंडळी नाकं मुरडायची. पॅरिसनं डोक्यावर घेतला, तेव्हा कुठे त्याला बॉलरूमचं दार उघडलं.

हे मला पटलं. आमच्या घरात माझ्या कामाला ते दार कधी उघडलंच नाही. मी पहिलं घर विकलं त्याच आठवड्यात एका पार्टीत कुणीतरी विचारलं, "वहिनी काय करतात?" हे हसून म्हणाले, "काही नाही हो, टाइमपास." तो शब्द मी वीस वर्षं जपून ठेवला आहे.

वॉल्ट्झसारखं टँगोत तरंगत वर-खाली व्हायचं नसतं. गुडघे किंचित वाकवून, एकमेकांना मिठीत धरून, मांजरासारखं जमिनीलगत चालायचं. मधेच थबकायचं. पुरुष छातीनं नुसतं सुचवतो. बाईनं वाट पाहायची आणि मग मागे जायचं. वाट पाहणं मला येत नाही. मीच ह्यांना रेटत होते.

"लीड कोण करतंय?" बाईंनी विचारलं.

"चाळीस वर्षं मीही तेच विचारतोय," हे म्हणाले. सगळे हसले. मी सोडून.

बाई माझ्याजवळ आल्या. "थांबणं हीसुद्धा स्टेपच आहे. ते थांबले तर ओढू नका. त्यांच्यासाठी जागा करा."

गेल्या मंगळवारी सकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात अडकले. माझ्या एका क्लायंटनं नुकतंच ठरलेलं घर कॅन्सल केलं होतं, मी आधीच तापलेली. ह्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी समोर उभी राहिले, मिठीत धरलं, पण पाऊल काही टाकलं नाही.

"अहो, आधी एक बोला. माझ्या कामाला टाइमपास म्हणालात ते चुकलं, असं म्हणा. मग सरते मागे."

"कधी म्हणालो?"

"पार्टीत. चारचौघांत."

या आजारात ह्यांच्या चेहऱ्यावरचं काही कळत नाही. ह्यांचा भार हळूहळू माझ्या खांद्यावर येऊ लागला.

"आठवत नाही गं," हे म्हणाले. "पण म्हणालो असेन."

एवढंच. दुसऱ्या कुणाला मी एवढ्यावर सोडलं नसतं. पण ह्यांचा तोल जात होता आणि मला ते टाके आठवत होते. मी दात-ओठ खात उजवा पाय मागे टाकला आणि थांबले. ह्यांचा डावा पाय हलला, चौकट ओलांडून आला.

राग गेलेला नाही. ओट्यापर्यंत मी मागे मागे गेले आणि हे पडले नाहीत.