घरपट्टी आणि पिको-फॉल

आमच्या ह्यांना आयुष्यात दोनच गोष्टींचा अभिमान. शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली तेवढ्या वर्षांत एकही लेटमार्क नाही, हा एक, आणि घरपट्टीतली सवलत हा दुसरा. स्वतःच्या घरात स्वतः राहिलं की महापालिका घरपट्टीत सूट देते. यात माणसाचं कर्तृत्व काय, तर राहणं. तरी बिल आलं की हे लगेच शेजाऱ्यांना नेऊन दाखवणार.

गेल्या दिवाळीआधी सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, की महापालिकेची माणसं घरोघर तपासणीला येताहेत. घर भाड्याने दिलं असेल किंवा घरात धंदा चालत असेल तर सवलत बंद, आणि तेवढ्या जागेला दुकानाचा दर. झालं! ह्यांनी चष्मा काढला, हॉलकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले.

कारण धनकवडीतल्या आमच्या छोट्याशा फ्लॅटच्या हॉलमध्ये माझी तीन मशीनं आहेत. एक शिलाईचं, एक पिको-फॉलचं, एक ओव्हरलॉकचं. मी ब्लाउज शिवते. लग्न झाल्यापासून शिवते. लेकीचं इंजिनिअरिंग त्या मशीनांवरच झालं. पण ह्यांना कोणी विचारलं, वहिनी काय करतात, तर उत्तर ठरलेलं: काही नाही हो, हौस आहे तिला. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. हौस म्हणून कोणी लोकांच्या बाह्या पुन्हा पुन्हा उसवून देतं का?

ह्यांनी फर्मान काढलं. तपासणी होईपर्यंत मशीनं झाकून ठेवायची, काम गुपचूप करायचं. आणि सवलत गेलीच, तर शिवण कायमचं बंद, मशीनं विकून टाकायची. मी कडाकडा भांडले. पण दिवाळीचे ब्लाउज शिवायचे पडले होते आणि भांडत बसायलाही वेळ नव्हता, म्हणून झाकायला कबूल झाले. मनात मात्र धाकधूक होती. मशीनं गेली तर मी दिवसभर करायचं काय, ह्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं?

मग सुरू झालं नाटक. शिलाई मशीनवर चादर आणि वर फुलदाणी. ओव्हरलॉकवर खोकं पालथं घालून त्यावर गणपतीचा फोटो. शेजारीण येता-जाता त्याला नमस्कार करायला लागली. गिऱ्हाइकांनी बेल वाजवायची नाही, खालून फोन करायचा, आणि जिन्यात कोणी हटकलंच तर भाची म्हणून सांगायचं. हिंजवडीत नोकरी करणारी एक लखनौची मुलगी माझ्याकडे येते, तिच्याकडून तर ह्यांनी "मी ह्यांची भाची आहे" हे पाठ करून घेतलं. शेवटी वॉचमनने मला विचारलं, काकू, तुम्हाला भावंडं तरी किती?

एका दुपारी एक बाई ब्लाउज घालून बघत होत्या, बाहीला टाचण्या लावलेल्या, आणि बेल वाजली. ह्यांनी मला खुणा केल्या, मी बाईंना बाथरूममध्ये ढकललं. दारात कुरिअरवाला. हे इतके घाबरलेले, की त्यालाच आत बसवून पाणी दिलं आणि आम्ही इथे दोघंच राहतो हो, असं त्याला सांगत बसले. तो बिचारा सही मागत होता. बाई बाथरूममधून निघाल्या त्या परत आल्याच नाहीत. चांगलं जुनं गिऱ्हाईक गेलं माझं.

आणि एके सकाळी खरोखरच महापालिकेचे साहेब आले. चाळिशीचे, जिने चढून दमलेले. त्यांनी वीजबिल पाहिलं, आधार कार्ड पाहिलं. मग त्यांची नजर चादरीखालून डोकावणाऱ्या मशीनच्या पायाकडे गेली. भला माणूस होता. त्याने चादर उचलली नाही, उलट मलाच वाट करून दिली.

"घरच्यापुरतं शिवता ना, काकू?"

त्यांच्या मागे उभे राहून हे जोरजोरात मान डोलावत होते. मी नुसतं हो म्हणायचा अवकाश होता. सवलत राहिली असती, मशीनं राहिली असती, सगळं सुखाने चाललं असतं. पण ते हो काही तोंडातून बाहेर पडेना. इतकी वर्षं ह्यांनी हौस म्हटलं, आता मीही तेच म्हणायचं? मी चादर ओढून काढली. फुलदाणी फुटली.

"घरच्यापुरतं शिवायला तीन मशीनं कशाला लागतात? हा माझा धंदा आहे. लिहा."

साहेबांनी सुस्कारा सोडला, मोबाईल काढला आणि धंदा कोणाच्या नावाने टाकायचा ते विचारलं. हे पांढरेफटक पडले होते. आता मशीनांचा निकाल लागणार, असंच मला वाटलं. हे सावकाश साहेबांजवळ गेले, चष्मा लावला आणि माझं नाव सांगितलं. मग आडनाव. साहेबांनी मधलं नाव विचारलं, म्हणजे नवऱ्याचं.

"माझं घालू नका," हे म्हणाले. "मी तिथे कधी साधं हुकसुद्धा लावलेलं नाही. हे सगळं तिचं एकटीचं आहे."

मला तिथेच, त्या परक्या माणसासमोर, रडू फुटलं.