तुतिकोरिनचं संध्याकाळचं विमान

"शुक्रवारपर्यंत एक रूट दाखवा, नाहीतर दोन्ही जेट परत जातील," साहेब फोनवर म्हणाले. मग आठवून जोडलं, "वडिलांचं ऐकलं. सांभाळा."

मी उरणला माहेरी होते. बाबांना जाऊन आठवडा झाला नव्हता. आमची विमान कंपनी छोटी. कोणतं विमान कुठे उडवायचं, हे ठरवणं माझं काम. भाड्याने आणलेली ती दोन जेट सत्तरेक सीटची होती आणि त्यांना रूट सापडत नव्हता. गर्दीच्या शहरांना मोठी विमानं परवडतात. जवळच्या गावांना पंख्याची विमानं पुरतात. लहान जेटला हवा असतो लांबचा, पण कमी माणसांचा रूट. त्याला आम्ही 'थिन' म्हणतो. दक्षिण टोकाचं बंदर तुतिकोरिन माझ्या यादीत होतं, पण आकडे इतके थिन की दाखवायची लाज वाटावी.

भेटायला येणाऱ्यांत चुलतभाऊ प्रमोद होता. बंदरात सर्वेअर आहे. बोटीतला माल भिजला, मोडला की तपासायला जातो. थोडा वेळ बसला, उठला आणि सवयीने म्हणाला, "येतो."

काकी कडाडली, "अरे, दुखाच्या घरातून निघताना येतो म्हणतात व्हय? गप उठून जायचं!"

प्रमोद ओशाळला. "चुकलं, आई. तसं पण माझं येणं माझ्या हातात कुठे हाय? उद्या तुतिकोरिनला चाललोय. काम दोन तासांचं. पण चेन्नईला विमान बदला, आणि परतीचं मिळत न्हाय म्हणून लॉजवर मच्छर मारत बसा."

मी ताठ बसले. "असे किती जण जाता रे?"

"आमच्या लायनीतले सगळेच, ताई. सर्वेअर, इंजिनवाले, क्रेनवाले. तिथलेपण इकडे येतात."

"आणि त्याच दिवशी परत आणलं तर?"

"तर माझी बायको तुझी आरती करील!"

काकीसुद्धा हसली आणि लगेच तिने पदर तोंडावर घेतला. मी जाणारे मोजत बसले होते. परत यायची घाई असलेले कुठल्याच आकड्यात नव्हते, कारण तसं विमानच नव्हतं. परसात जाऊन साहेबांना फोन लावला.

"तुतिकोरिन? मॅडम, एक फेरी भरत नाही तिथे."

"एक नकोच, सर. दोन. सकाळी एक, दुपारी एक. दुपारी गेलेलं विमान सकाळी गेलेल्या माणसाला संध्याकाळी परत आणतं."

"मग मोठं विमान का नको?"

"दोन्ही वेळा अर्धं रिकामं उडेल. आणि पंख्याच्या विमानाला एवढं अंतर फार लांब पडतं. हा रूट लहान जेटचाच आहे!"

"तुम्ही सुट्टीवर आहात ना?"

"हो, सर."

"मग एवढ्या मोठ्याने का बोलताय?"

एक जेट तुतिकोरिनसाठी राहिलं. दुसऱ्याला रूट मिळाला नाही, ते परत गेलं. सकाळच्या फेरीत अजून सीट रिकाम्या असतात, पण संध्याकाळी परतणारं विमान बहुतेक भरलेलं असतं. उतरणाऱ्यांच्या हातात बॅगा नसतात, हेल्मेट असतात.

तेव्हापासून नवीन रूट तपासताना किती लोक जातात, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, रात्रीच्या जेवणाला घरी कोणाला पोचायचंय?