‘इंडेक्स दुरुस्त’ असं मी लिहिलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज लिहायला बसलो आणि दोनदा उठलो — पाणी प्यायलो, पंखा कमी केला. माणूस स्वतःला किती टाळतो, नाही का?

भंडाऱ्यात एका छोट्या संस्थेत मी टेपांचं काम पाहतो. आमचे लोक गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून आणतात. मी ते रेकॉर्डरच्या कार्डावरून कॉम्प्युटरच्या टेपवर उतरवतो आणि कार्ड पुसून परत देतो. टेपची डबी तळहातावर मावते, पण तिच्यात अख्खा तालुका बसतो. कुठलं बोलणं टेपवर कुठं आहे, याची यादीही टेपवरच असते — इंडेक्स. तो सगळ्यात शेवटी लिहिला जातो, म्हणून टेप रीतसर बंद करूनच काढायची. हे मी इतरांना दहादा ऐकवलेलं आहे.

त्या संध्याकाळी मला पवनीची बस गाठायची होती. टेप बंद व्हायची वाट न पाहता मी सरळ वीजच बंद केली.

दुसऱ्या दिवशी टेप उघडेना. इंडेक्स तुटला होता. पण बोलणं टेपवर शाबूत होतं! टेप पहिल्यापासून वाचून काढली की इंडेक्स पुन्हा तयार होतो — फक्त अख्खा दिवस जातो. आणि नेमक्या त्याच दुपारी संस्थेच्या प्रमुख मॅडम काम पाहायला येणार होत्या. दिवसभर मशीन का अडकलं, असं त्यांनी विचारलं असतं तर? पक्कं काम करणारा म्हणून माझं नाव होतं. त्या नावाचा मला माज होता.

दुसरी वाट पाच मिनिटांची होती. आठवड्यापूर्वीचा जुना इंडेक्स धरायचा. त्यानंतरचं पुसू का, असं मशीननं विचारलं. मी — हो म्हटलं. लगेच त्या जागेवर नवं काम उतरवलं, म्हणजे मागं फिरायलाच नको. रजिस्टरात लिहिलं, ‘इंडेक्स दुरुस्त.’ मॅडमनी सही केली.

काय पुसतोय हे मला ठाऊक नव्हतं? होतं. एकच रेकॉर्डिंग होतं — आसगावचं. आमच्या वंदनाताईंनी स्वतःच्या आईचं केलेलं. म्हातारी धानाच्या जुन्या जाती सांगत होती. लुचई, हिरानक्की, काळी कमोद — दाणा हातात घेऊन कसा ओळखायचा, ते. मी मनाशी म्हटलं, आई आहे, ताई पुन्हा करून आणतील. सांगू उद्या-परवा. सांगितलं नाही. महिन्याभरात आई गेली.

ताई माझ्या टेबलाशी आल्या. “भाऊ, मायचा आवाज काढून द्या ना. तेरवीले घरच्याईले आयकवाचा आहे.”

तेव्हा तरी बोलायचं होतं. मी स्क्रीनकडे पाहत म्हणालो, “ताई, तुमच्या कार्डात काहीच आलं नव्हतं. बटन दाबलं नसन तुमी.”

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “असन भाऊ. मायसमोर बसून माहा हातच कापत होता.”

एवढंच. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

आता त्या नव्या लोकांना रेकॉर्डिंग शिकवतात. दर वेळी सुरुवातीलाच सांगतात — “माह्यासारखं करू नका. मी मायचा आवाज घालवला.” मी त्याच खोलीत बसलेलो असतो. एकदा तर मी मानही डोलावली. इतका नीच मी आहे.

बटण त्यांनी दाबलं होतं. कार्डावरून उतरवताना मी सगळं ऐकलं होतं. शेवटी म्हातारी म्हणते, “झालं असन त बंद कर वो आता. जेवून घे, सकाळपासून उपाशी आहेस.” हेही रेकॉर्ड झालं होतं, हे आता फक्त मलाच माहीत आहे.