अठ्ठ्याण्णवला पास

बी.एस्सी.चा शेवटचा निकाल लागला त्या दिवशी मी बुलढाण्याहून घरी फोन केला. "माय, पास झाली मी!" तिने लगेच विचारलं, "शंभरात किती?" आता शंभरात असं गुणपत्रिकेवर काही नव्हतंच. दहापैकी ५.७ एवढंच छापलेलं होतं. होस्टेलवर सगळ्या जणी करत होत्या तेच मी केलं. दहाने गुणलं आणि ठोकून दिलं, "सत्तावन्न." पलीकडून माय अगदी हळू आवाजात म्हणाली, "असू दे. घरी ये. पुन्हा बसता येते ना परीक्षेले?"

मी पोट धरून हसले. पण तिचं चुकलं नव्हतं. साखरखेर्ड्याजवळ आमचं शेडनेट, म्हणजे जाळीखालचं शेत, आहे. त्यात आम्ही टोमॅटो पिकवतो, पण खाण्यासाठी नाही, बियाण्यासाठी. संध्याकाळी उद्या उमलणारी कळी नेमकी ओळखायची, चिमट्याने तिचे पुंकेसर काढायचे, त्याला आम्ही कळी खुडणं म्हणतो, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचा पराग बोटाने लावायचा आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा नसलेलं फळ कितीही टपोरं असो, ते फेकून द्यायचं. एवढं करून बी कंपनीला गेलं की तिथे ते पेरून बघतात. शंभरातली अठ्ठ्याण्णव रोपं हवी तशी, म्हणजे संकराचीच, निघाली तर प्लॉट पास. सत्त्याण्णवला नापास, सगळं बी बाद. चौथी शिकलेल्या मायने पास होणं म्हणजे हेच पाहिलं होतं. सत्तावन्न ऐकून त्या रात्री ती जेवली नाही, असं बाबांनी नंतर सांगितलं.

मला बी.एड. करायचं होतं. शाळेत विज्ञान शिकवायचं, हे मी सातवीतच ठरवून टाकलं होतं. प्रवेश परीक्षा दिली, तिथे गुणही बरे पडले. पदवीला पन्नास टक्के लागत होते आणि माझ्याकडे सत्तावन्न होते, म्हणजे माझ्या मते होते. मी ऐटीत बुलढाण्याच्या कागदपत्र पडताळणी केंद्रावर गेले. तिथल्या सरांनी माझी गुणपत्रिका उलटी केली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात टक्के काढायची रीत छापलेली होती: आधी पाऊण वजा करा, मग दहाने गुणा. सरांनी गुणलं. साडेएकोणपन्नास.

मी भांडले. गप्प बसणं मला जमत नाही. "माझ्या मैत्रिणीच्या विद्यापीठात नुसतं दहाने गुणतात, सर!"

"मग तिच्या विद्यापीठात शिकायचं होतं," सर शांतपणे म्हणाले आणि अर्ज परत केला. दुरुस्तीला तीन दिवस होते.

चिखलीमार्गे येणाऱ्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. अर्धा टक्का. प्रवेश परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा देता आली असती, पण पदवीचे टक्के पुढच्या वर्षीही तेवढेच राहणार होते, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. शाळेच्या फळ्यापुढे मी कधीच उभी राहणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच शेडनेटमध्ये गेले. माय पराग लावत होती. क्रॉसिंगचा, म्हणजे असा पराग लावण्याचा, ऐन हंगाम होता. तिचे हात थांबले नाहीत, फक्त विचारलं, "रडून राह्यली काऊन?"

मी सगळं सांगितलं. तिने दोन फुलं केली, दोन दोरे बांधले आणि म्हणाली, "तो पाच पूर्णांक सात कुठून आला? पेपराईचे मार्क कुठी हायेत?"

सहा सेमिस्टरच्या सहा गुणपत्रिका घरी बियाण्याच्या पिशवीत तिनेच जपून ठेवल्या होत्या. मी त्या आणल्या. ती एकेका ओळीवर बोट ठेवत विचारत गेली.

"याच्यात किती?"

"एकोणसाठ."

"त्याले काय देल्लं त्याईनं?"

"दहापैकी सहा."

"अन् या पन्नासले?"

"सहाच. पन्नास ते एकोणसाठ, सगळ्यांना सहा."

मायचे हात तेव्हा थांबले. "पन्नास अन् एकोणसाठ एकाच घमेल्यात? मंग मधले नऊ गेले कुठी?"

तीन वर्षं ते कागद मी हाताळत होते. प्राध्यापक, मैत्रिणी, सीनियर मुली, कुणीच हा प्रश्न विचारला नव्हता. मी तर नाहीच नाही. माझे अठ्ठावन्न, एकोणसाठ सगळे सहाच्या घमेल्यात गेले होते, एकोणपन्नासवाले पाचच्या, आणि त्या सहा-पाचांची सरासरी म्हणजे तो ५.७. पेपरामागून पेपरात मी पुढच्या पायरीखाली एक-दोन गुणांनी राहिले होते.

"खरे मार्क जोड," माय म्हणाली.

उलट्या क्रेटवर बसून मी सहा सेमिस्टरचे गुण जोडले. पंचावन्न टक्के आणि वर थोडे. मी ओरडलेच. "आता खालून वर जोड," माय म्हणाली. ती झाडांची ओळ अशीच दोन्ही टोकांकडून मोजते. मी खालून वर जोडलं. तेवढेच आले.

त्याच सकाळच्या एसटीने आम्ही दोघी बुलढाण्याला निघालो. मी म्हटलं, "माय, तू कशाला? फुलं थांबत नाहीत." ती म्हणाली, "मुदतबी थांबत नाही. तुह्या बाबाले सांगितलं हाय कळ्या खुडाले." बाबा नांगर-कुळवाचे माणूस, त्यांच्या बोटांत चिमटा मावत नव्हता. तरी ते मान हलवून आत गेले.

कॉलेजच्या परीक्षा विभागातल्या बाबूंनी अर्ज न वाचताच बाजूला ठेवला. "एकूण गुणांवरून टक्केवारीचं प्रमाणपत्र? असं कोणी मागत नाही, मावशी."

"कोणी मागत नाही म्हून भेटतच नाही का, भाऊ?"

बाबूंनी वर पाहिलं. माझ्या आवाजात तो प्रश्न भांडण वाटला असता. मायला खरोखरच माहिती हवी होती. त्यांनी कपाट उघडलं, फायली चाळल्या आणि तासाभराने एक परिपत्रक काढलं. भेटत होतं. फक्त प्राचार्यांची सही हवी होती आणि ते उद्या येणार होते. ती रात्र आम्ही बुलढाण्यातच माझ्या मावशीकडे काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी सही झाली. केंद्रावरच्या सरांनी कागद दोनदा वाचला, कुणाला तरी फोन लावला आणि साडेएकोणपन्नासवर रेघ मारून पंचावन्न लिहिलं. परत येताना माय एसटीत बसल्या बसल्या झोपली. मी मात्र सारखी तिच्या बोटांकडे बघत होते. परागाने ती अजून पिवळीच होती.

मला प्रवेश मिळाला. उन्हाळ्याच्या तोंडाशी सुट्टीत घरी आले तेव्हा कंपनीचा निकाल आला होता. सत्त्याण्णव. प्लॉट नापास.

माझं डोकंच फिरलं. "एका रोपासाठी? पुन्हा तपासायला लाव त्यांना! माझ्या वेळी कशी भांडलीस?"

"तुह्ये मार्क तुह्ये होते. त्याईनं जोडले नव्हते," माय म्हणाली. "हे त्याईनं बरोबर मोजलं."

बाबा ताटावरून उठून अंगणात गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"ते दोन दिवस?" मी विचारलं.

"कळी एक दिवस शिळी झाली का आतल्या आत तिचाच पराग सुटते. मंग वरून काही लावा, काही उपेग नाही. तुह्या बाबाले ते दिसत नाही. आल्यावर जेवढ्या ओळखू आल्या तेवढ्या तोडल्या म्या. बाकीच्याईले त्याईनं दोरे बांधले होते. दोरे तं सारखेच राह्यतात." ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुह्या बाबाले काही बोलू नको."

म्हणजे ती एसटीत माझ्या शेजारी बसली तेव्हाच तिला हे ठाऊक होतं. बाबूंचं कपाट उघडायची वाट पाहत तासभर उभी होती तेव्हाही. वर्षभराचं पीक अठ्ठ्याण्णवच्या रेषेवर सोडून ती माझा अर्धा टक्का शोधायला आली होती आणि सहा महिने तिने हूं की चूं केलं नव्हतं. एवढं मोठं माणूस मी आमच्या घरात लहानपणापासून बघत आले होते आणि मला ते कळलंच नव्हतं.

"माय, सत्त्याण्णवला आमच्याकडे दहापैकी दहा देतात," मी कसंबसं म्हटलं.

"तुमच्याकडं देत असतीन. आमच्याकडं नापास." ती हसली. "अन् तुह्या बी.एड.ले पास व्हायले किती लागतात?"

"पन्नास."

"मंग साठ पाड," ती म्हणाली. "मले दर वेळेस यायले नाही जमणार."